प्रकल्प नोंदी: वाळूजच्या प्लेटिंग कारखान्यासाठी ॲसिड आणि कॉस्टिक लाय टँकरने घेताना

६ मे २०२४

वाळूज औद्योगिक वसाहतीतील आमच्या झिंक प्लेटिंगच्या (लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याच्या) कारखान्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड आजवर कार्बॉयमधून, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या कॅनमधून, आणि कॉस्टिक सोडा फ्लेक्सच्या (सुक्या पापड्यांच्या) पोत्यांतून येत आला आहे. पावसाळा संपता संपता नवी पिकलिंग (ॲसिडने गंज काढण्याची) लाइन सुरू होईल, तेव्हा ॲसिडचा खप महिन्याला अठरा ते वीस टनांवर आणि कॉस्टिकचा खप त्याच प्रमाणात वर जाईल. एवढे ॲसिड कार्बॉय उचलून ओतणे कामगारांच्या दृष्टीने धोक्याचे आहे आणि हिशेबाच्या दृष्टीने महागही. त्यामुळे साठवण टाक्या उभारून ही दोन रसायने टँकरने घ्यावीत, असे ठरले असून खरेदीची बाजू माझ्याकडे आली आहे.

टँकरने घेतले की किलोमागे दर उतरतो, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. मात्र दरपत्रकावरचा दर आणि आपल्या टाकीत पडलेल्या कामाच्या रसायनाचा दर यांत अंतर असते, आणि ठोक खरेदीतले बहुतेक खड्डे याच अंतरात दडलेले असतात. या नोंदी ते अंतर मोजण्यासाठी आहेत.

सुरुवात म्हणून स्टोअरमधील कार्बॉयचे वजन करून ॲसिडची तीव्रता तपासली. लेबलवर सरसकट ‘३० ते ३३ टक्के’ छापलेले आहे. प्रत्यक्षात एकाच खेपेतील कार्बॉय २७ पासून ३१ टक्क्यांपर्यंत निघाले. स्टोअरमध्ये कार्बॉय मोजून घेतले जातात, वजन करून नव्हे, आणि तीव्रता तर कोणी पाहतच नाही. आजवर आपण नेमका किती दराने माल घेत होतो, हे या कारखान्यात कोणालाही सांगता आले नसते.

१४ मे २०२४

काल लोकसभेच्या मतदानामुळे कारखाना बंद होता. आज दरपत्रके उघडली. कॉस्टिक लायची, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातील द्रावणाची, दोन दरपत्रके शेजारी ठेवल्यावर पहिली अडचण समोर आली. आकडे गोल करून लिहितो. एका पुरवठादाराने किलोला ४२ रुपये लिहिले आहेत आणि दुसऱ्याने २१ रुपये ५० पैसे. लेखा विभागातील सहकाऱ्याने साहजिकच दुसऱ्या दरावर खूण केली.

पहिला दर ‘ड्राय बेसिस’वर आहे, म्हणजे लायमधील पाणी वजा करून उरणाऱ्या शुद्ध कॉस्टिकच्या किलोचा आहे. लाय ४८ टक्क्यांची असेल तर द्रावणाच्या प्रत्येक किलोला २० रुपये १६ पैसे पडतात. दुसरा दर द्रावणाचा, म्हणजे बाजारात ज्याला ‘ॲज इट इज’ म्हणतात तो आहे आणि तीव्रतेच्या जागी ‘४७ ते ५०’ असा मोकळा पट्टा ठेवलेला आहे. माल ५० टक्क्यांचा आला तर शुद्ध कॉस्टिक ४३ रुपयांना पडते; ४७ टक्क्यांचा आला तर ४५ रुपये ७४ पैशांना. जो दर अर्ध्यावर दिसत होता तो दोन्ही टोकांना महाग आहे, आणि माल कोणत्या टोकाचा पाठवायचा हे ठरवणारा आपण नसून विक्रेता आहे.

यापुढे प्रत्येक पुरवठादाराकडून दर एकाच पद्धतीने मागवायचा: शुद्ध रसायनाच्या किलोमागे, पोच वाळूज, जीएसटी वेगळा दाखवून, आणि बिल आमच्या फाटकावर मोजलेल्या तीव्रतेनुसार. दलालाने फोनवर सांगितलेला दर या तक्त्यात घ्यायचा नाही.

२२ मे २०२४

आजचा दिवस कॉस्टिकचे रूप ठरवण्यात गेला. ४८ टक्क्यांची लाय, ३२ टक्क्यांची लाय आणि फ्लेक्स असे तीन पर्याय आहेत. ३२ टक्क्यांच्या लायचा ड्राय बेसिसवरचा दर मोहक दिसतो, कारण मेम्ब्रेन सेलमधून (कॉस्टिक बनवण्याच्या विद्युत अपघटनाच्या संचातून) लाय साधारण याच तीव्रतेने बाहेर पडते आणि ती पुढे आटवण्याची वाफ कारखान्याला खर्च करावी लागत नाही. मात्र वाहतूकदार भाडे द्रावणाच्या वजनावर घेतो, त्यातल्या पाण्यावरही घेतो. एक टन शुद्ध कॉस्टिक आणायला ४८ टक्क्यांची लाय २,०८३ किलो लागते आणि ३२ टक्क्यांची ३,१२५ किलो. भाडे किलोला तीन रुपये धरले, तर शुद्ध किलोमागे पहिल्या पर्यायात सव्वासहा रुपये आणि दुसऱ्यात जवळपास नऊ रुपये चाळीस पैसे केवळ भाड्याचे होतात. दहेज-भरूच पट्ट्यातल्या ग्राहकाला हा फरक जाणवत नसेल. मराठवाड्यात, जिथे बहुतेक लाय गुजरातेतून रस्त्याने येते, तिथे तो निर्णायक ठरतो. लातूर किंवा नांदेडच्या कारखानदाराने तर हे गणित आमच्याआधी करायला हवे.

फ्लेक्समध्ये पाण्याचे भाडे नाही. पण विरघळवताना प्रचंड उष्णता सुटते, धूळ उडते, पोती फोडायला माणसे लागतात, आणि पावसाळ्यात फाटक्या पोत्यातला माल हवेतली ओल शोषून दगड होतो. टँकर अडकल्यास हाताशी असावीत म्हणून थोडी पोती ठेवायची आणि नेहमीचा वापर ४८ टक्क्यांच्या लायचा करायचा, असे ठरवले.

५ जून २०२४

टाक्या हा वरवर पाहता खरेदीचा विषय नाही, पण तो आधी सुटल्याशिवाय ऑर्डर काढण्यात अर्थ नाही. ॲसिडचा टँकर २० टनांचा येणार. ३२ टक्के ॲसिडची घनता १.१६ धरली तर हे ॲसिड सव्वासतरा घनमीटर भरते. टाकीत आधीचा साठा शिल्लक असताना हे सगळे मावले पाहिजे, नाहीतर अर्धा टँकर परत जातो आणि भाडे दोन्ही बाजूंचे आपल्या माथी बसते. म्हणून ॲसिडसाठी २५ घनमीटरची एफआरपी (काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकची) टाकी घ्यायची आणि तिच्या वाफेच्या तोंडाला ॲसिडची वाफ शोषणारा स्क्रबर लावायचा.

लायच्या टाकीसाठी आलेल्या एका दरपत्रकात पाणी साठवण्याची साधी प्लास्टिकची टाकी दाखवली आहे, ती अर्थातच सर्वांत स्वस्त आहे. ४८ टक्के लायची घनता दीडच्या आसपास असते. म्हणजे तीन मीटर उंच लाय टाकीच्या तळावर साडेचार मीटर पाण्याइतका दाब देते. पाण्यासाठी घडवलेली टाकी हा भार वर्षानुवर्षे सोसेल अशी अपेक्षा करणे धाडसाचे आहे. टाकी किती घनतेच्या द्रवासाठी बनवली आहे, हे तिच्या कागदावर लिहून मागितले आहे. सामान्य तापमानाला लाय साध्या पोलादाच्या टाकीतही ठेवता येते, हायड्रोक्लोरिक ॲसिड मुळीच नाही. दोन्ही टाक्यांभोवतीचे, गळती अडवणारे बांध वेगळे राहतील आणि प्रत्येक बांधात टाकीच्या ११० टक्के द्रव मावेल.

१९ जून २०२४

ॲसिड कुठून येते, याची चौकशी करण्यात आठवडा गेला. हायड्रोक्लोरिक ॲसिडचे बाजारात ढोबळमानाने दोन उगम आहेत. एक म्हणजे कॉस्टिक-क्लोरीनच्या कारखान्यात हायड्रोजन आणि क्लोरीन जाळून बनवलेले, आणि दुसरे म्हणजे औषधे, कीटकनाशके किंवा रंग बनवताना क्लोरिनेशनमध्ये निघणारा वायू पाण्यात शोषून मिळालेले उपउत्पादन. दुसरे स्वस्त असते आणि नेहमी वाईटच असते असेही नाही. मात्र त्यात कोणते सेंद्रिय पदार्थ उतरले आहेत, हे मूळ कारखान्याच्या प्रक्रियेवर अवलंबून असते, आणि व्यापारी ते सांगत नाही, कारण अनेकदा त्यालाही ते ठाऊक नसते. असे ॲसिड पिकलिंगच्या टाकीत फेस आणते, प्लेटिंगची पकड बिघडवते आणि सांडपाण्याचा सीओडी (त्यातील प्रदूषणाचे एक माप) वाढवते. म्हणजे दरात वाचलेले पैसे ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, घालवायचे.

पुरवठादारांना आम्ही वापर स्पष्ट कळवला आहे: लोखंडी भागांचे पिकलिंग, त्यानंतर अल्कली झिंक प्लेटिंग. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. वापर माहीत असेल तर चांगला उत्पादक स्वतःच सांगतो की त्याचा कोणता माल चालेल आणि कोणता नाही. विश्लेषण प्रमाणपत्र मूळ उत्पादकाचे आणि त्याच खेपेच्या बॅच क्रमांकाचे मागितले आहे. त्यात तीव्रतेसोबत लोह, सल्फेट, मुक्त क्लोरीन आणि बाष्पीभवनानंतर उरणारा अवशेष असावा. आयएस २६५ हे भारतीय मानक हायड्रोक्लोरिक ॲसिडसाठी आहे, ते ऑर्डरमध्ये नावानिशी घालू. कॉस्टिकसाठी आयएस २५२ आहे आणि त्याच्याबाबतीत २०१८ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशामुळे आयएसआय चिन्ह हा ऐच्छिक मामला राहिलेला नाही.

याच आठवड्यात एका व्यापाऱ्याने बाजारभावाच्या निम्म्याहून कमी दराने सल्फ्युरिक ॲसिड देऊ केले. रंग तपकिरी, वास उग्र, आणि बिलावर काय लिहिणार असे विचारले तर उत्तर आले, “साहेब, तुम्ही म्हणाल ते लिहू.” हे दुसऱ्या कुणाच्या प्रक्रियेतून निघालेले वापरलेले ॲसिड आहे, हे सांगायला प्रयोगशाळा नको. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार असे ॲसिड कचऱ्याच्या व्याख्येत येते. ते घेऊन वापरायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते आणि त्याची ने-आण मॅनिफेस्टवर, म्हणजे घातक कचऱ्याच्या वाहतूक नोंदपत्रावर, व्हावी लागते. बिलावर ‘उपउत्पादन’ लिहिले म्हणून त्याचा कचरेपणा जात नाही, आणि तपासणी झाली तर ज्याच्या टाकीत ते सापडते त्याच्यावर पहिली कारवाई होते. या व्यापाऱ्याचे नाव यादीतून काढले.

८ जुलै २०२४

पुरवठादारांची कागदपत्रे तपासली. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून नोंदणी चालू आहे का, विवरणपत्रे नियमित भरली आहेत का आणि व्यवसायाचा पत्ता बिलावरच्या पत्त्याशी जुळतो का, एवढे पाहायला प्रत्येकी काही मिनिटे लागतात. तरीही हे काम अनेक ठिकाणी माल आल्यानंतर होते. दोन लाखांच्या लायवर १८ टक्क्यांनी ३६,००० रुपये कर होतो. पुरवठादाराने तो भरला नाही, तर आपल्या करातून वजा होणारे ते क्रेडिट आपल्या हातून जाते. दरात किलोला पन्नास पैसे वाचवून मिळालेले पाच हजार या छत्तीस हजारांपुढे काहीच नाहीत.

आगाऊ रक्कम मागणाऱ्यांबाबत वेगळी खबरदारी घेतली आहे. बँक खाते कंपनीच्याच नावावर असल्याचा पुरावा म्हणून रद्द केलेला धनादेश मागवायचा. मध्येच ‘खाते बदलले आहे’ असा ई-मेल आला तर त्याच ई-मेलला उत्तर न देता, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करायची. एका अक्षराने वेगळा असलेला ई-मेल पत्ता घाईत नजरेतून सुटतो. पहिल्या खेपेला कोणालाही पूर्ण आगाऊ रक्कम द्यायची नाही. लेखा विभागाने आठवण करून दिली की सूक्ष्म व लघु उत्पादकाची देयके लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे थकून वर्षअखेरीसही बाकी राहिली, तर प्राप्तिकरात त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही. म्हणून ‘तपासणीसाठी राखून ठेवलेली रक्कम’ महिनोन् महिने अडकवता येणार नाही, आणि ते योग्यच आहे.

१२ ऑगस्ट २०२४

खरेदी आदेशाचा मसुदा आज पक्का झाला. बहुतेक अटी नेहमीच्याच आहेत. वाद झाला तो तीन कलमांवर.

पहिले कलम तीव्रतेचे. ॲसिड ३० टक्क्यांच्या खाली आले तर परत, ३० ते ३२ मध्ये आले तर बिल प्रमाणात कमी, आणि ३२ च्या वर आले तर जास्त पैसे नाहीत. शेवटच्या भागावर पुरवठादाराने हरकत घेतली आणि ती मला रास्त वाटली. ३३ टक्क्यांपर्यंत प्रमाणात जास्त दर द्यायचे मान्य केले. एकतर्फी अट कागदावर छान दिसते, पण मग पुरवठादार ३२ च्या जवळचा माल आपल्याला कधीच पाठवत नाही.

दुसरे कलम तपासणीच्या वेळेचे. टँकर फाटकावर आल्यापासून तीन तासांपर्यंत हॉल्टिंग (टँकर थांबवून ठेवल्याचा आकार) लागणार नाही आणि त्या वेळेत आम्ही नमुना तपासून हो किंवा नाही सांगू. हे कलम नसेल, तर चालक इंजिन चालू ठेवून घाई करतो, स्टोअर दबते आणि माल आधी उतरतो, तपासणी नंतर होते. टाकीत मिसळलेले ॲसिड परत करता येत नाही. तपासणीचा निकाल मिळेपर्यंत टँकरची नळी टाकीला जोडायची नाही, हे या सर्व व्यवहारातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य मी मानतो.

तिसरे कलम जोखमीचे. एक्स-वर्क्स (पुरवठादाराच्या कारखान्यातून उचलण्याच्या) दराने घेतले तर माल त्याच्या फाटकाबाहेर पडताच तो आपला होतो. रस्त्यात गळती झाली, टँकर उलटला, तर नुकसान आणि त्यातून उद्भवणारी जबाबदारी आपल्याकडे येते. आमच्या आकाराच्या कारखान्याने पोच दर घेणेच शहाणपणाचे आहे, थोडे जास्त पडले तरी.

१९ सप्टेंबर २०२४

ॲसिडचा पहिला टँकर उतरला. पुरवठादाराने पोचण्याची तारीख १७ सप्टेंबर कळवली होती. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी गुजरातेतल्या माणसाला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण यंदा त्याच दिवशी अनंत चतुर्दशीही होती, आणि विसर्जनाच्या दिवशी ॲसिडचा टँकर शहराच्या आसपास आणून उभा करणे कोणाच्याच हिताचे नव्हते. दोन दिवस पुढे ढकलले. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात पोळा, गणपती, दसरा, दिवाळी आणि १७ सप्टेंबर हे दिवस आधीच रिकामे ठेवले आहेत.

फाटकावर प्रथम कागद पाहिले: बिल, ई-वे बिल, लोडिंगच्या वजनाची पावती, सुरक्षा माहितीपत्रक, ट्रेम कार्ड (अपघात झाल्यास काय करायचे ते सांगणारे चालकाजवळचे पत्रक) आणि धोकादायक मालाच्या वाहतुकीचे प्रशिक्षण घेतल्याची चालकाच्या परवान्यावरची नोंद. मग टँकरच्या पाटीवरील यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) बिलाशी ताडला. हायड्रोक्लोरिक ॲसिडचा क्रमांक १७८९ आणि सोडियम हायपोक्लोराइटचा, म्हणजे हायपोचा, १७९१. आकडे इतके जवळचे आहेत की थकलेल्या डोळ्यांना फरक कळत नाही; आणि ही दोन द्रव्ये एका टाकीत आली तर क्लोरीन वायू सुटतो, जो माणसे मारतो. म्हणून ॲसिड, लाय आणि हायपो यांच्या उतरवण्याच्या जोडण्या वेगवेगळ्या मापाच्या केल्या आहेत आणि प्रत्येकीला कुलूप आहे. किल्ली केमिस्टकडे, चालकाकडे नाही. टँकरमध्ये आधी काय भरले होते, हेही लिहून घेतले.

नमुना वरच्या झाकणातून आणि खालच्या व्हॉल्व्हमधून, असा दोन्हीकडून घेतला. ३४ अंशांच्या नमुन्यात हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीने, १.१५० दाखवले. घनतेवरून तीव्रता सांगणारा तक्ता २० अंशांचा असतो. तापमान जितके जास्त तितके वाचन कमी येते, आणि या ॲसिडसाठी अंशामागे साधारण अर्धा हजारांश ते थोडे अधिक धरावे लागते. दुरुस्ती करून घनता १.१५८ च्या आसपास, म्हणजे सुमारे ३२ टक्के आली. टायट्रेशनमध्ये, म्हणजे ठाऊक तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून केलेल्या मोजणीत, ३१.६ आले. मेच्या उन्हात ही दुरुस्ती न करता कोणी हायड्रोमीटरवर विसंबला, तर चांगला माल परत पाठवेल. आणि पुरवठादाराने थंडीत तक्ता न दाखवता वाचन दाखवले, तर पातळ माल ठेवून घेईल.

२४ ऑक्टोबर २०२४

दिवाळीच्या तोंडावर बहुतेक चालक गावी जातात, म्हणून साठा भरून घेण्यासाठी दुसऱ्या एका पुरवठादाराकडून ॲसिड मागवले होते. हायड्रोमीटरवर माल उत्तम दिसला. टायट्रेशनने मात्र वेगळीच गोष्ट सांगितली.

आमची पद्धत साधी आहे: दोन ग्रॅम नमुना झाकणाच्या बाटलीत वजन करून घ्यायचा, पाण्यात ओतायचा आणि एक नॉर्मल (प्रमाणित तीव्रतेच्या) कॉस्टिकने मिथिल ऑरेंज या रंग बदलणाऱ्या दर्शकावर टायट्रेट करायचा. ३२ टक्क्यांच्या ॲसिडला साडेसतरा मिलिलिटर लागतात. या नमुन्याला जेमतेम साडेपंधरा लागले, म्हणजे माल २८ टक्के. मग घनता कुठून आली? उरलेला नमुना फ्यूम हूडखाली वाळूच्या शेगडीवर आटवला, तेव्हा बशीत पिवळसर क्षारांचा थर उरला. चांगले ॲसिड आटवल्यावर जवळपास काहीच उरत नाही. क्षार विरघळले की घनता वाढते, आणि हायड्रोमीटरला ॲसिड व मीठ यांतला फरक कळत नाही. चालकाने “साहेब, एक नंबर माल आहे, सगळीकडे हाच जातो” असे सांगितले. त्याचा काही दोष नाही, त्याला जे भरून दिले ते तो घेऊन आला. टँकर परत गेला. पुरवठादाराने आधी वाद घातला, मग नमुन्याची सीलबंद दुसरी बाटली तिसऱ्या प्रयोगशाळेत पाठवण्याची आमची तयारी पाहून हॉल्टिंगची मागणी सोडली. नमुन्याच्या तीन बाटल्या आणि त्यांवर चालकाची सही, हा खर्च नगण्य आहे आणि वादात तोच कामी येतो.

ओघात एक नोंद सल्फ्युरिक ॲसिडबद्दल, जरी आपण ते अजून ड्रमनेच घेत असलो तरी. तीव्र सल्फ्युरिकच्या बाबतीत हायड्रोमीटर मुळातच निरुपयोगी आहे. घनता ९८ टक्क्यांच्या आसपास शिगेला पोचून पुन्हा उतरते, त्यामुळे ९४ टक्क्यांचे आणि १०० टक्क्यांचे ॲसिड दोन्ही १.८३ दाखवतात. तिथे टायट्रेशनशिवाय दुसरा मार्ग नाही.

११ नोव्हेंबर २०२४

लायच्या पहिल्या टँकरची तीव्रता ४८.१ टक्के निघाली. एक ग्रॅम लायला एक नॉर्मल ॲसिडचे बारा मिलिलिटर, हे प्रमाण केमिस्टच्या टेबलासमोर लिहून चिकटवले आहे. फिनॉल्फ्थॅलीन आणि मिथिल ऑरेंज या दोन्ही दर्शकांच्या टप्प्यांवर वाचन घेतले, कारण जुनी, उघडी राहिलेली लाय हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) बनते, आणि फक्त एकूण अल्कली मोजली तर तो सोडा ॲशही आपण कॉस्टिकच्या दराने विकत घेतो.

भांडण वजनात झाले. लोडिंगच्या पावतीवर निव्वळ वजन १०,२४० किलो, आमच्या वजनकाट्यावर १०,०६०. करारात अर्ध्या टक्क्याची सूट आहे. हा फरक पावणेदोन टक्क्यांचा. वाहतूकदाराशी शांतपणे बोलल्यावर उलगडा झाला. तिकडे टँकर रिकामा काट्यावर चढला तेव्हा डिझेलची टाकी जवळपास कोरडी होती. मग डिझेल भरले, मग लाय भरली, मग भरलेले वजन झाले. दोनशे लिटर डिझेल म्हणजे सुमारे १६५ किलो, आणि ते सगळे आमच्या नावावर लाय म्हणून लागले. उरलेला फरक दोन काट्यांच्या किमान मापात (काटा दाखवू शकतो त्या सर्वांत लहान फरकात) सहज बसतो. पुरवठादाराने क्रेडिट नोट दिली.

बिल आता आमच्या काट्याच्या वजनावर होईल: भरलेले आणि रिकामे अशी दोन्ही वजने त्याच काट्यावर, त्याच दिवशी, मध्ये डिझेल न भरता, स्टेपनी आणि क्लीनर दोन्ही वेळी सारखे. रिकामे वजन वाहनाच्या नोंदणीपुस्तिकेतून उतरवायचे नाही, कारण तसे केले तर तळाशी राहून परत गेलेली लाय कुठेच दिसत नाही. काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाची चालू वर्षाची मोहर आहे, याची खात्री केली.

२६ नोव्हेंबर २०२४

ईटीपीसाठी पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड, म्हणजे सांडपाण्यातला गाळ खाली बसवणारे पीएसी, आणि हायपो हीसुद्धा टँकरने घ्यावीत, अशी सूचना आली होती. दोन्हींना मी नकार दिला आहे.

पीएसीचा खप टँकर घेण्याइतका नाही, एवढे कारण पुरेसे आहे. पण दर पाहताना लक्षात ठेवावे की भुकटीत ॲल्युमिना साधारण ३० टक्के असते आणि द्रव पीएसीत १० पासून १८ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते. नुसते ‘पीएसी लिक्विड’ लिहिलेले दरपत्रक वाचण्याच्या लायकीचे नाही. अंतिम निवड आपल्याच सांडपाण्यावर जार टेस्ट (भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून पाहण्याची चाचणी) घेऊन करावी.

हायपोचे कारण वेगळे आहे. तो १० ते १२ टक्के उपलब्ध क्लोरीनचा येतो आणि आल्या दिवसापासून उतरू लागतो. तापमान दहा अंशांनी वाढले की विघटनाचा वेग साधारण तीन ते चार पट होतो. ऊन आणि लोह, निकेल, तांबे यांचे अंश त्यात भर घालतात. मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ४० अंशांना ठेवलेला हायपोचा मोठा साठा म्हणजे क्लोरीनच्या दराने विकत घेतलेले खारे पाणी. तो पंधरा दिवसांच्या गरजेपुरता, कार्बॉयमधून, सावलीत ठेवून वापरायचा.

१७ डिसेंबर २०२४

थंडी वाढली आहे. परभणीत पारा दरवर्षी एक आकडी होतो आणि वाळूजच्या उघड्या माळावरही पहाटे फार वेगळे नसते. पहाटे लायच्या पंपाने घरघर केली. टाकीतून येणाऱ्या उघड्या नळीत स्फटिक धरले होते. ५० टक्के लाय साधारण १२ अंशांना गोठू लागते. पाळीवरच्या फिटरने थोडे पाणी घालून पातळ करण्याचे सुचवले. दिसायला ते बरोबर वाटते, पण कॉस्टिकचा गोठणबिंदू सरळ रेषेत उतरत नाही: ४५ टक्क्यांच्या जवळ तो पाच अंशांपर्यंत खाली जातो, आणि आणखी पाणी घातले की ३९ टक्क्यांच्या आसपास पुन्हा १५ अंशांवर चढतो. अंदाजाने पाणी ओतणारा माणूस टाकी अधिक लवकर गोठवू शकतो. शिवाय पाण्यात मिसळताना उष्णता उसळते ती वेगळीच. नळीवर हीट ट्रेसिंग (नळी गरम ठेवणारी तार) आणि वेष्टण घालायचे काम आज दिले. डिसेंबर आणि जानेवारीत ४८ टक्क्यांऐवजी ४६ ते ४७ टक्क्यांची लाय मागवावी आणि टँकर दुपारी उतरवावा, असे पुरवठादाराशी ठरले. ड्राय बेसिसवर बिल असल्यामुळे दराचा प्रश्न उद्भवला नाही, फक्त भाडे किंचित वाढले.

९ जानेवारी २०२५

पुरवठादार वर्षभराचा पक्का दर बांधून द्यायला तयार आहे. लेखा विभागाला तो आवडला, मला नाही. कॉस्टिक आणि क्लोरीन मिठाच्या एकाच विद्युत अपघटनातून जन्मतात. टनभर कॉस्टिकबरोबर सुमारे ८८६ किलो क्लोरीन निघतोच, हवा असो वा नसो, आणि तो फार काळ साठवता येत नाही. क्लोरीनला गिऱ्हाईक नसेल तेव्हा कारखाने त्याचे ॲसिड करून ते जवळजवळ भाड्याच्या मोलाने काढतात, किंवा उत्पादन घटवतात आणि मग कॉस्टिक महागते. म्हणजे आपण घेत असलेली दोन रसायने अनेकदा विरुद्ध दिशांना हलतात. दोन्हींचे दर वर्षभर बांधून घेतले, तर स्वस्त झालेल्या ॲसिडचा फायदा आपण हरवतो. आणि कॉस्टिक महागले की बांधील दराचा टँकर नेमका ‘उपलब्ध नाही’ होतो, हा या बाजारातल्या सर्वांचा अनुभव आहे.

प्रतिप्रस्ताव पाठवला: प्रमाण वर्षाचे बांधील, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नव्याने, वाहतूक भाडे वेगळे आणि फक्त डिझेलच्या भावाशी जोडलेले, मान्य तारखेपासून सात दिवसांत माल न आल्यास आम्ही दुसरीकडून घेऊ आणि दरातला फरक पुरवठादार सोसेल. शेवटच्या अटीवर त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. ते येईपर्यंत फेब्रुवारीचा ॲसिडचा टँकर जुन्याच अटींवर मागवला असून लायच्या टाकीत पाच आठवड्यांचा साठा आहे.